घर कोणाच्या पायांनीं मोजावें?

नवें घर बांधावयास निघालेला मनुष्य अनेक गोष्टी मोजतो. जमीन किती गुंठे आहे, गांठीं पैसा किती आहे, रस्ता कोणत्या अंगास आहे, शेजाऱ्याची भिंत किती हातांवर येते, हें सारें तो मोठ्या काळजीनें पाहतो. आणि दार पूर्वेस असावें कीं उत्तरेस याचा निर्णय करण्यासाठीं चार जाणत्यांचीं मतेंहि घेतो. परंतु हें घर कोणाच्या पायांनीं मोजावयाचें, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाहीं. ज्या वयांत मनुष्य घर बांधतो त्या वयांत त्याचे पाय बहुधा शाबूत असतात. आणि जें शाबूत आहे त्याची आठवण कोणास होत नाहीं. हा प्रश्न आमच्या घरीं सध्यां उपस्थित झाला आहे. वरवर तो वास्तुशास्त्राचा दिसतो. पण त्याच्या तळाशीं एक नीतीचा प्रश्न आहे असें आढळून आल्यामुळें तो येथें मांडीत आहें.

प्रसंग असा. पुण्याबाहेर घेतलेल्या एका जागेवर मी व माझा धाकटा भाऊ मिळून घर बांधणार आहों. त्यांत आम्ही दोघे, आमच्या पत्नी, भावाच्या वृद्ध सासूबाई, माझा मुलगा व सून, आणि ईश्वरकृपेनें लवकरच येणारें एक नातवंड, अशीं सर्व माणसें राहावयाचीं आहेत. वास्तुतज्ज्ञानें पहिला नकाशा आणला. खालीं मोटारींची जागा, एक बैठकीची खोली, आणि एक 'ज्येष्ठांची खोली'. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, जेवणघर, देवघर आणि इतरांच्या निजावयाच्या खोल्या. नकाशा सुरेख होता व तो सर्वांनीं वाखाणला. मीहि वाखाणला असता. परंतु 'ज्येष्ठांची खोली' हीं अक्षरें दृष्टीस पडतांच आमच्या जुन्या घरांतली तशीच एक खोली मला आठवली.

त्या घराचा जिना सतरा पायऱ्यांचा होता. आईचे गुडघे धरूं लागले तेव्हां आम्हीं तिची व्यवस्था खालच्या खोलींत केली. ती तिच्या सोयीसाठीं केली असें आम्ही सांगत होतों, आणि तें खोटें नव्हतें. खोली हवेशीर होती. न्हाणीघर लागून होतें. ताट वेळेवर खालीं जात असे. कोणी कधीं तिला एक कठोर शब्द बोललें नाहीं. पण घर वर होतें. पंगत वर, पाहुण्यांच्या गप्पा वर, गणपति वर, नातवंडांचीं भांडणें वर. आई छताकडे कान लावून बसे आणि पावलांच्या आवाजावरून कोण कोठें गेलें तें ओळखी. संध्याकाळीं मी खालीं गेलों कीं तिचा पहिला प्रश्न, "आज कोण आलें होतें रे वर?" प्रथम ती दिवसांतून एकदां वर येई, मग आठवड्यांतून एकदां, मग सणावारीं आम्ही दोघे भाऊ तिला खुर्चीवर बसवून नेऊं लागलों, आणि मग "नको, तुम्हांला उगाच त्रास" असें म्हणून तिनें तेंहि थांबविलें. चाळीस वर्षें जिनें घरच्या देवांची पूजा केली तिला पुढें त्या देवांचें दर्शन वर्षांतून दोनदां होऊं लागलें. देव खालीं आणतां येतील का, असें तिनें एकदांच विचारलें. बसलेले देव हलवूं नयेत, असें मीं उत्तर दिलें. मी तत्त्वज्ञान शिकविणारा मनुष्य. पण त्या दिवशीं देवांची सोय मला आईच्या सोयीपेक्षां मोठी वाटली.

या हकीकतींत कोणी दुष्ट नाहीं, आणि म्हणूनच ती विचार करण्यासारखी आहे. दुष्टपणानें होणारा अन्याय ओळखूं येतो; आराखड्यानें होणारा अन्याय ओळखूं येत नाहीं, कारण तो करतांना कोणाचाहि हात हललेला दिसत नाहीं. ताट खालीं येतें, पण पंगत खालीं येत नाहीं. आणि ताट आणणाऱ्याला आपण कर्तव्य केलें असें वाटत राहतें.

मदतीवांचून कोणीच जगत नाहीं, मग वृद्धानें ती मागण्यांत कमीपणा कसला, असें कोणी म्हणेल. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. आजारांत, संकटांत मागितलेली मदत मनुष्याला हलका करीत नाहीं. परंतु जी गोष्ट इतर माणसें विचारहि न करतां दिवसांतून वीस वेळां करतात, ती एकट्याला दर वेळीं मागून घ्यावी लागली, तर त्या मागण्याची जात बदलते. ती याचना होते. आणि रोज याचना करावी लागणारा स्वाभिमानी मनुष्य काय करतो? तो प्रथम मागणें कमी करतो. आणि मागण्याचा मोह होऊं नये म्हणून पुढें इच्छा करणेंच कमी करतो. मग आम्ही मोठ्या आदरानें म्हणतों, "तिला आतां कशाचीच हौस राहिली नाहीं, मन विरक्त झालें." जी विरक्ति सतरा पायऱ्यांनीं उत्पन्न केली, तिचें श्रेय आम्ही तिच्या पुण्याईला देऊन मोकळे होतों!

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत येते. तीन पिढ्यांनीं एका घरांत नांदणें ही आमची प्राचीन संस्कृति, असें आपण अभिमानानें म्हणतों. पण आश्रमधर्माची मूळ कल्पना पाहिली तर तींत या घराला जागाच नाहीं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलें आहे कीं अंगावर सुरकुत्या व केसांत पांढरेपणा दिसूं लागला आणि अपत्याचें अपत्य पाहिलें, म्हणजे गृहस्थानें अरण्याचा आश्रय करावा. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करावें किंवा बरोबर न्यावें. म्हणजे नातवंड घरांत आलें कीं आजोबांनीं घराबाहेर पडावयाचें! व्यवहारांत हें किती पाळलें गेलें असेल तें असो. पण आदर्शानें वृद्धासाठीं वनाची आंखणी केली, घराची केली नाहीं. आणि मागें राहिली तर ती आजी राहिली, तीहि दुसऱ्यांच्या स्वाधीन. तेव्हां तीन पिढ्यांचें घर कसें असावें याचा आराखडा आपणांस वारशानें आयता मिळालेला नाहीं. तो आपणच काढावयाचा आहे.

जुनीं घरें तर बैठींच होतीं, असा यावर आक्षेप येईल. तो तपासला पाहिजे. कोंकणांतलें जुनें घर पाहा. खालीं पडवी, तिच्याहून उंच ओटी, पलीकडे माजघर, त्याला लागून देवघर व स्वयंपाकघर, मागें पुन्हां पडवी. वर माळा, पण तो सामानसुमानाचा. राहणें जवळजवळ सगळें जमिनीवर. देशावरच्या वाड्यांत माडी व दिवाणखाना वर असत, दोन भिंतींमधला अंधारा, उभा जिना असे. तरी स्वयंपाक, जेवण, देव, बाळंतिणीची खोली हीं चौकाभोंवतीं खालींच असत. हें सर्व खरें. परंतु बैठें घर म्हणजे सपाट घर नव्हे. त्या घरांत एकेका पायरीचा फरक ठिकठिकाणीं होता, आणि तो नुसता पावसाच्या पाण्यासाठीं नव्हता. कोणी अंगणांतच थांबावयाचें, कोणी पडवीपर्यंत यावयाचें, कोणी ओटीवर बसावयाचें, आणि घरच्या स्त्रियांनीं माजघराच्या उंबरठ्याच्या आंत राहावयाचें, हें त्या पायऱ्या न बोलतां सांगत असत. मजला एकच असून पातळ्या पुष्कळ होत्या. आणि त्या पातळ्या गुडघ्यांच्या नव्हत्या, दर्जाच्या होत्या. म्हणून जुन्या घराकडे परत चला, असें मी म्हणत नाहीं. आपणांस हवें असलेलें घर मागें नाहीं.

'बंगला' या शब्दाचें उदाहरण याच संदर्भांत पाहण्यासारखें आहे. मूळचा तो बंगालकडील बैठ्या घराचा वाचक. इंग्रजांनीं तो उचलून आपल्या देशीं नेला, आणि तिकडे आजहि त्याचा अर्थ बहुधा एकमजली घर असाच होतो. उतारवयांत जिन्याची दगदग नको म्हणून पुष्कळ लोक तसें घर मुद्दाम शोधतात. आमच्या मराठींत मात्र त्याच शब्दावर दुसरा मजला चढला. 'बंगला बांधला' असें कोणी सांगितलें, आणि जाऊन पाहतां घर बैठें निघालें, तर पाहुण्याच्या मुद्रेवर किंचित् निराशा उमटते. उंची म्हणजे प्रतिष्ठा, हें समीकरण आमच्या मनांत इतकें पक्कें बसलें आहे.

मग आराखडा कोणत्या तत्त्वावर काढावा? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यानें १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या न्यायविषयक ग्रंथांत एक कसोटी सुचविली आहे. समाजाचे नियम ठरवितांना, त्या समाजांत आपण स्वतः कोण असणार, सबल कीं दुर्बल, श्रीमंत कीं दरिद्री, हें आपणांस ठाऊक नाहीं अशी कल्पना करावी. त्या अज्ञानाच्या पडद्याआड बसून जे नियम आपण मान्य करूं ते न्याय्य होत. त्यानें ही कसोटी समाजाच्या मूलभूत व्यवस्थेसाठीं योजिली. मी ती एका कुटुंबाच्या घराला लावून पाहतों. या घरांत मी पन्नाशींतला प्राध्यापक असेन, कीं रांगणारें मूल, कीं दिवस भरत आलेली सून, कीं खुब्याचें हाड मोडलेली आजी, हें ठाऊक नसतां मी स्वयंपाकघर कोठें ठेवीन? उत्तर द्यावयास फार वेळ लागत नाहीं. शिवाय रॉल्सला जी कल्पना करावी लागली ती घराच्या बाबतींत वस्तुस्थितीच आहे. गरीब श्रीमंत होईलच असें नाहीं. पण धडधाकट मनुष्य जगला तर म्हातारा होणारच. आज ज्याच्यासाठीं आपण 'ज्येष्ठांची खोली' आंखतों तो दुसरा कोणी नसून थोड्या उशिरानें येणारे आपणच असतों.

आणि हें तत्त्व आम्हांस परकें आहे असेंहि नाहीं. ज्या मनुस्मृतींतील विषमतेचा निषेध म्हणून १९२७ सालीं महाड येथें तिचें दहन करण्यांत आलें, आणि तें सकारण होतें, तिच्याच तिसऱ्या अध्यायांत जेवणाच्या क्रमाबद्दल एक नियम आहे. नवविवाहिता, कुमारिका, रोगी व गर्भिणी यांना अतिथींच्याहि आधीं जेवूं घालावें आणि यजमान दंपतीनें सर्वांच्या शेवटीं जेवावें. ज्याची गरज आधीं त्याचें पान आधीं. वाढण्याच्या क्रमांत जें औचित्य आपणांस सहज समजतें तें बांधण्याच्या क्रमांत समजूं नये, हें आश्चर्य होय.

या विचारानें आम्हीं नकाशा पुन्हां काढावयास सांगितला, आणि नियम एकच ठेवला: ज्यावांचून घरांतल्या कोणाचेंहि अडतें तें सर्व एका पातळीवर, आणि ज्यावांचून अडत नाहीं तेंच वर. स्वयंपाक, जेवण, देव, स्नान, निजणें आणि माणसांत बसणें, हें खालीं. माणसांत बसणें हें मीं मुद्दाम लिहिलें आहे. तें अडण्याच्या यादींत घालावयाचें आम्हीं मागील घरांत विसरलों होतों.

तत्त्व सांगणें सोपें. तें जमिनीवर उतरवितांना इंचांशीं गांठ पडते. चाकांची खुर्ची हातानें सुखानें चढावी तर एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. आमचें जोतें दीड फुटाचें, म्हणजे अठरा फूट झाले. हा उतार घराच्या बाजूस चोरदारासारखा न करतां अंगणांतून मुख्य दाराशीं येणारी वाटच तशी करावी, असें आम्हीं ठरविलें. कारण दुर्बळांसाठीं वेगळी वाट काढली म्हणजे ते वेगळे आहेत हें रोज सांगितल्यासारखें होतें. दारें तीन फुटांचीं, उंबरठा जमिनीबरोबर. न्हाणीघराचें पाणी बाहेर येऊं नये म्हणून तेथें पायरी ठेवण्याची रीत आहे; त्याऐवजीं जमिनीलाच आंतल्या बाजूस उतार द्यावा व दाराशीं जाळीची पन्हळ ठेवावी. त्याचें दार आंत उघडणारें नसावें. मनुष्य आंत पडला तर त्याच्याच देहानें तें दार अडतें व बाहेरच्याला आंत जातां येत नाहीं. गुळगुळीत चकाकणाऱ्या फरशीचा मोह टाकून तेथें खरखरीत दगड घालावा. धरावयाची दांडी आज न बसविली तरी चालेल, पण उद्यां ती ज्या भिंतींत बसवावयाची ती भिंत आजच भरींव असली पाहिजे. या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण 'मातृदेवो भव' हें वाक्य घरांत शिरतांना अखेर याच मापांतून शिरतें.

कायदा या कामीं फार दूरवर येत नाहीं. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्यानें अन्न, वस्त्र व औषधोपचार यांबरोबर निवासहि निर्वाहांत गणला आहे. पण निवास म्हणजे किती पायऱ्यांवरचा, हें तो विचारीत नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याचा रोख मुख्यतः सार्वजनिक वापराच्या इमारतींवर आहे. कुटुंबाचा घरांतला जिना आपल्या विवेकावरच सोपविलेला आहे.

या आराखड्यावर तीन आक्षेप आमच्याच घरांत निघाले. पहिला आक्षेप असा कीं, पायऱ्या चढण्यानें शरीर राबतें राहतें. सर्व सपाट केलें तर माणसें लवकर म्हातारीं होतील. व्यायाम चांगला खरा. पण ज्याला व्यायाम करावयाचा त्यानें तो इच्छेनें करावा. तहान लागली असतां पाण्यापर्यंत पोंचण्याची अट म्हणून घातलेले श्रम हा व्यायाम नव्हे. दुसरा आक्षेप पैशाचा. तेवढ्याच खोल्या जमिनीवर पसरल्या तर पाया वाढतो, छप्पर वाढतें, बाग आखडते. हें अगदीं खरें आहे, आणि त्याला उत्तर नाहीं. त्याला फक्त निवड आहे. आम्हीं दोन खोल्या व एक मोटारीची जागा कमी केली. ज्यांना शहरांत जमीनच परवडत नाहीं त्यांना हा उपदेश मी करूं इच्छीत नाहीं. त्यांची सदनिका आंतून सपाटच असते. त्यांचा प्रश्न इमारतीच्या जिन्याचा, आणि तो सर्व शेजाऱ्यांनीं मिळून सोडवावयाचा असतो.

तिसरा आक्षेप माझ्या सुनेचा, आणि तो सर्वांत वजनदार. ती म्हणाली, "सगळ्यांनीं एका पातळीवर राहायचं म्हणजे सगळ्यांनीं सगळ्यांचं ऐकायचं." जुन्या एकत्र कुटुंबांत तरुण जोडप्यास दोन शब्द बोलावयास कोपरा मिळत नसे, हें आपण विसरूं नये. वृद्धांचा एकांतवास घालविण्यासाठीं तरुणांचा एकांत हिरावून घेणें हा न्याय नव्हे. ती नुसती अन्यायाची अदलाबदल झाली. म्हणून मधें चौक घेतला, दोन बाजूंस दोन भाग केले, मधली भिंत जाड ठेवली, आणि सुनेच्या भागास बाहेरचें स्वतंत्र दार दिलें. जमीन एक असावी. आयुष्यें एक असण्याचें कारण नाहीं. आणि वर एक खोली ठेवली, ज्याला एकटें बसावयाचें असेल त्याच्यासाठीं. ती मीं मनांतल्या मनांत माझ्या पुस्तकांना दिली होती. भाऊ हंसून म्हणाला, "दादा, दहा वर्षांनीं पुस्तकं खालीं कोण आणून देणार?" दुसऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करतां करतां स्वतःचे गुडघे मी पडद्याबाहेरच ठेवले होते. पुस्तकें खालीं आलीं.

एक शंका मात्र उरते, आणि ती मी लपवूं इच्छीत नाहीं. घर सपाट केलें, कोणाला कोणाच्या हाताची गरज उरली नाहीं, म्हणजे माणसें एकमेकांकडे जातीलच असें कोठें आहे? आईला ताट नेऊन देण्याच्या निमित्तानें मी निदान दोनदां तरी तिच्याजवळ जात असें. शेजारच्या खोलींतल्या माणसाकडे महिना महिना न पाहणारीं घरें सपाट जमिनीवरहि आहेत. हें मला मान्य आहे. विटा आणि चुना प्रेम निर्माण करूं शकत नाहींत. पण ते सबब नाहींशी करूं शकतात. जिना असतांना कोणी गेलें नाहीं तर जिन्याचें नांव पुढें करतां येतें. सपाट घरांत न जाणाऱ्याला आपलेंच नांव घ्यावें लागतें. आणि जो जातो तो ताटासाठीं गेला नसून माणसासाठीं गेला, हें दोघांनाहि कळतें.

मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो, असें आपल्याकडे मानितात. त्यांपैकीं पितृऋण फेडावयाचें तें प्रजोत्पादनानें. म्हणजे ज्यांचें घेतलें त्यांस परत देऊन नव्हे, पुढच्यांस देऊन. ॲरिस्टॉटलनेंहि म्हटलें आहे कीं मुलानें कांहींहि केलें तरी बापाच्या उपकारांची बरोबरी होत नाहीं. हें वाचून पूर्वीं मला समाधान वाटे. फिटणारच नाहीं तर तगादा कसला! आतां तें तितकें सोपें वाटत नाहीं.

नवा नकाशा परवां भावाच्या सासूबाईंना दाखविला. चष्मा लावून त्यांनीं तो पुष्कळ वेळ पाहिला, आणि आपल्या खोलीवर बोट ठेवून तें हळूहळू चौकाच्या कडेनें स्वयंपाकघरापर्यंत नेलें. "मधें पायरी नाहीं?" त्यांनीं विचारलें. नाहीं, असें मीं सांगितलें. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "रात्रीं चहा घ्यावासा वाटला तर कोणाला उठवायला नको."

माझ्या आईला किती रात्रीं चहा घ्यावासा वाटला असेल, हें मला कधींच कळणार नाहीं.